धाकट्याची जागा

१

संत योहानाचा जाळ पेटतो त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या लोकेवेनमध्ये कोंबडासुद्धा उशिरा आरवतो. सफरचंदाची सायडर ढोसून आणि धूर खाऊन आलेली माणसं उन्हं वर येईपर्यंत पालथी पडलेली असतात. त्या सकाळी मात्र माझ्या कॅफेच्या दारावर कोणीतरी थडाथडा मुठी आपटत होतं.

दार उघडलं तर ओदिल मॅडम. रेनच्या विद्यापीठात दगडांचा अभ्यास करतात आणि गेले तीन उन्हाळे माझ्या माडीवर भाड्याने राहतात. एरवी केसाची बट ढळू न देणारी बाई, पण आज गुडघ्यापर्यंत चिखल.

"रिवाल, धाकटा जागेवर नाही," त्या म्हणाल्या. "उपटून नेलाय कोणीतरी."

माझी झोप तिथंच उतरली.

आमच्या माळावर दोन दगड आहेत. एक म्हातारा, तीन पुरुष उंच. दुसरा धाकटा, हाकेच्या अंतरावर, चढाच्या माथ्यावर, जेमतेम गुडघ्याएवढा. वर्षातले सगळ्यांत मोठे दिवस आले की म्हाताऱ्याला पाठ टेकून उभं राहायचं. सूर्य बरोबर धाकट्याच्या डोक्यावर उगवतो. चार-पाच दिवस तो तिथंच रेंगाळतो आणि मग परत फिरतो. देव, चर्च, राजे यांतलं काहीच नव्हतं तेव्हा कोणीतरी हे हेरून दगड रोवले. आमच्या आज्या त्या उगवतीवर गवत कापायला काढायच्या. पण आजीचा शब्द सरकारदरबारी चालत नाही, म्हणून ओदिल मॅडम.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुरातत्त्व खात्याचे कारिऊ साहेब ही उगवत स्वतः बघायला येणार होते. त्यांना पटलं तर माळ राखीव. नाही पटलं तर तांगी कंत्राटदार तिथं शहरवाल्यांसाठी सुट्टीतले बंगले बांधणार. आणि माळ गेला की गुलवेनचं कुरण गेलं. त्याच्या बापापासून गायी त्याच माळावर चरत आल्यात आणि दुसरीकडे त्याची वीतभरही जमीन नाही.

गंमत अशी, की धाकटा पळवल्याचा संशय गावाने घेतला तो गुलवेनवरच.

तो बोललाच होता तसं. महिन्यापूर्वी माझ्याच कॅफेत टेबलावर पेला आपटून: "एक दिवस उचलून समुद्रात टाकतो त्याला! रोज उठून दीडशहाणे येतात फोटो काढायला आणि माझ्या गायी बिथरवतात." शिवाय त्याच्या गोठ्यात पहार सापडली, ओल्या मातीने माखलेली.

अर्धं गाव खड्ड्याभोवती जमलं तेव्हा गुलवेन हळूहळू चढ चढून आला. साठी उलटलेला, खांदे बैलासारखे.

"गुलवेन, तू काढलास का रे?" मी विचारलं.

त्याने खड्ड्याकडे पाहिलं, मग समुद्राकडे.

"हो म्हणणार नाही. नाही म्हणणार नाही," तो म्हणाला, आणि गायी हाकत निघून गेला.

२

मी माझ्या ताईला बोलावलं.

काटेलताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. केंपेरच्या न्यायालयात न्यायाधीशांच्या हाताखाली तिचा जन्म गेला. हजार खोटारडे ऐकून तिच्या कानाला घट्टे पडलेत, असं ती म्हणते. तिचं एक सूत्र आहे: माणूस खोटं काय बोलतो यापेक्षा गप्प कुठं बसतो ते बघावं.

तिने आधी खड्डा पाहिला. गुडघे धरत, कण्हत खाली बसली.

"हे नेचे कोणी टाकले?"

खड्ड्यात ताज्या कापलेल्या नेच्याच्या पेंढ्या दाबून भरल्या होत्या. धाकट्याच्या बुडाला आधाराला ठोकलेले दगडी तुकडे कडेला नीट मांडून ठेवले होते. बाजूला हातगाडीच्या एका चाकाची खूण होती. ती उताराने खाली जाऊन चर्चच्या फरसबंद वाटेवर नाहीशी झाली होती.

"रिवाल, तू चोरी केलीस तर मागचा खड्डा भरशील का?"

"मी कशाला भरतोय? पळत सुटेन."

"तेच," ती म्हणाली, आणि उठायला माझा हात मागितला.

तांगी म्हाताऱ्याच्या सावलीत पांढऱ्या बुटांनी उभा होता. चेहऱ्यावर दुःख आणण्याची त्याची धडपड चालली होती, पण जमत नव्हतं.

"माझ्याकडे काय बघता, ताई? माझ्याकडे माती काढायचं यंत्र आहे. मी हात घातला असता तर धाकट्याबरोबर अर्धा माळ गेला असता. आणि मला गरज काय? तीन दिवस आभाळ गच्च, माझं काम फुकटात होत होतं." मग आवाज खाली आणून, "मॅडमना विचारा की. तीन उन्हाळे झाले, त्यांनी स्वतः ती उगवत एकदा तरी पाहिलीय का?"

हा बाण बरोबर लागला होता. ओदिल मॅडम कॅफेत थंड कॉफीपुढे बसल्या होत्या. ताईने आडवळण न घेता विचारलं.

"नाही पाहिली," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी पाऊस, दुसऱ्या वर्षी धुकं. सगळं गणितात आहे, कागदावर आहे. पण भीती वाटते हो. उद्या साहेबांसमोर सूर्य दोन हात बाजूला उगवला तर? काल रात्री मनात आलंसुद्धा, की धाकटा नसता तर बरं झालं असतं."

मी ताईकडे पाहिलं. कबुलीच होती ती जवळजवळ.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "ती नव्हे. ही बाई वैऱ्याच्या खड्ड्यातला खडासुद्धा नकाशा काढल्याशिवाय हलवायची नाही. आणि जिच्या मनात पाप असतं ती ते असं ताटात वाढून देत नाही."

"मग तांगी?"

"त्याला नेचा आणि कोबी यांतला फरक कळतो का?"

"मग राहिलं कोण?"

"राहिलं कोण काय, वेड्या. गुलवेननेच काढलाय."

३

मला राग आला. गाव म्हणतं तेच म्हणायला केंपेरहून ताई कशाला हवी होती?

"ऐकून तर घे," ती म्हणाली. "ज्याला रागाने दगड फेकायचा असतो तो आधाराचे तुकडे मांडून ठेवत नाही. खड्ड्यात नेचे कोण भरतं? ज्याच्या गायीचा पाय त्यात मोडेल तो. गुलवेनकडे ट्रॅक्टर असताना त्याने हातगाडी नेली, म्हणजे आवाज नको होता. कोणी काढला हे कोडंच नाही. कोडं हे, की स्वतःचं कुरण ज्या दगडावर तगलंय तो दगड माणूस आदल्या दिवशी का काढेल? आणि कोणासाठी?"

आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा तो दूध काढत होता. वळूनही पाहिलं नाही.

"गुलवेन, उद्या पहाटे साहेब येतोय," ताई म्हणाली. "दगड नसेल तर माळ तांगीचा."

"माहितेय."

"गायी विकाव्या लागतील."

"गायी माझ्या आहेत. काय करायचं ते मी बघीन."

"कोणाला शब्द दिलायस?"

दुधाची धार क्षणभर थांबली, मग पुन्हा सुरू झाली. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. तोंडाचा फाटका माणूस. शेजारच्या अझेनोरकाकूंशी ओहोळाच्या पाण्यावरून भांडला तो वीस वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. अशा माणसाने गप्प बसायचं म्हणजे त्याला दात उपटल्यासारखं होत असणार.

"काटेल," तो शेवटी म्हणाला, "काही गोष्टी माझ्या नसतात सांगायला."

घरी परतताना ताई चर्चच्या वाटेवर थांबली. हातगाडीची खूण इथंच संपली होती.

"कुठं कुठं शोधलंत?"

"सगळीकडे! विहीर, उकिरडा, गुलवेनचा गोठा, तांगीचा मालट्रक, ओहोटीला खडकांत. पोरं झाडांवरसुद्धा चढली."

"आणि तिथं?" तिने बोटाने न दाखवता नुसती मान वळवली. चर्चमागच्या पटांगणात कालच्या जाळाची राख पसरली होती.

"ताई, तिथं काय शोधायचं? तिथं तर बसलेत."

बोललो आणि माझीच जीभ चावली गेली.

४

हे जरा सांगायला हवं. योहानाच्या रात्री ज्वाळा खाली बसल्या, प्रार्थना संपली, की ज्या घरातलं माणूस गेलंय ते घर निखाऱ्यांभोवती एकेक दगड ठेवतं. मेलेल्यांना गार लागतं. वर्षातून एकदा त्यांनी येऊन शेकत बसावं म्हणून ती बैठक. दगड ठेवायचा आणि मागे न वळता घरी जायचं. कोणी कुठं ठेवला हे पाहायचं नाही, विचारायचं नाही. तिसरी रात्र उलटेपर्यंत त्यांना शिवायचं नाही. रात्री तिथं लोक बसलेले असतात, आणि बसलेल्या माणसाखालची खुर्ची कोण ओढतं?

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. अख्ख्या गावाने दगड हुडकला, आणि दगडांच्या कडेने दहादा गेलो तरी कोणाच्या डोक्यात आलं नाही की ते दगड आहेत. परका पोलीस पाच मिनिटांत शोधून मोकळा झाला असता.

आम्ही कडेला उभं राहून लांबूनच पाहिलं. बैठकीचे दगड खाडीवरून आणायची रीत आहे, त्यामुळे सगळे गोल, समुद्राने घासलेले. समुद्राच्या बाजूला एक मात्र कोनदार अंगाचा, करडा. वरचा अर्धा भाग दगडफुलाने भरलेला, खालचा फिकट, कालपर्यंत मातीत असलेला. माथा मात्र तुकतुकीत.

"माथा का असा?" ताईने विचारलं.

"त्यावर गुराखी पोरं बसतात ना. मी बसलोय. पिढ्यान्पिढ्या बसलीत. शेवटी बसायचा तो एफ्लाम. अझेनोरकाकूंचा. गुलवेनच्या गायी राखायचा, आई आणि गुलवेन एकमेकांचं तोंड बघत नसले तरी. दोघांनी पोराला मध्ये कधी ओढलं नाही, एवढं खरं. दिवसभर धाकट्यावर बसून समुद्राकडे बघत..."

मी थांबलो.

एफ्लाम दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मासेमारीच्या बोटीवर गेला. बोटीची एक फळी आली, माणसं आली नाहीत. बाकीच्या घरांनी क्रूस लावले, काळे कपडे घातले. अझेनोरकाकूंनी नाही. त्यांनी मेलेल्यांसाठीची मिस्सा-प्रार्थना होऊ दिली नाही. पाद्रीबाबांना दारातून परत पाठवलं. दोन वर्षं त्या पोराचं ताट मांडत होत्या. गेल्या साली जाळाला फिरकल्यासुद्धा नाहीत. गावात त्यांच्यासमोर "एफ्लाम होता" असं म्हणायची कोणाची टाप नव्हती, "आहे" म्हणायचं.

"पण ताई, तो गेला असं त्या मानतच नाहीत!"

"काल रात्री मानलं," ताई म्हणाली. "आणि ते त्यांनी अजून कोणाला सांगितलेलं नाही."

५

अझेनोरकाकू चुलीपाशी गॅलेटच्या पोळ्या भाजत होत्या. टेबलावर एकच ताट होतं. मला ते पाहवेना.

ताई खुर्ची ओढून बसली. काकूच बोलल्या.

"मी गेले त्याच्या दारात. वीस वर्षांनी. म्हटलं, गुलवेन, मला पोराची जागा हवी. खाडीवरचा गोटा त्याच्या ओळखीचा नाही, तो कशाला येईल त्यावर बसायला? गुलवेनने टोपी घातली, पहार घेतली आणि निघाला. हातगाडी ढकलताना रडत होता मेला. मला म्हणाला, तू सांगेस्तोवर मी तोंड उघडणार नाही."

"उद्या त्याचं कुरण जाईल, काकू," मी म्हटलं. ताईने माझ्याकडे डोळे वटारले, पण उशीर झाला होता.

"कुरण?" काकूंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. साहेब, बंगले, यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं. दोन वर्षं त्या गावात असून नव्हत्या. मी सांगत गेलो तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"आणि हा गाढव मला बोलला नाही!" त्यांनी तव्याखालचा जाळ ओढला. "जा. आत्ता जा आणि दगड परत नेऊन लावा. एक रात्र बसला असेल तो. नसेल तर..." त्या खाली बसल्या. "लांबून यायचाय त्याला. बाकीचे आपले इथल्याच स्मशानातून येतात. आणि तो कायमच उशिरा यायचा, काटेल. जेवायला, शाळेला, सगळीकडे."

मला वाटलं, घालावा तो माळ तांगीच्या घशात आणि मिटवावं. पण गुलवेन त्या गायींशिवाय वर्षभर जगला नसता.

ताईने काकूंच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "दगड हलवायचा नाही. उद्या साहेबाला दगड बघायचाय की जागा? दगड गेला, पण खड्डा कोणी नेला? बूड कुठं होतं, आधाराचे तुकडे कसे ठोकले होते, सगळं तिथं आहे. साहेबाला अक्कल असेल तर तेवढं पुरेल."

"आणि नसेल तर?" मी विचारलं.

ती ओदिल मॅडमना गाठायला उठली.

६

पहाटे आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. ओदिल मॅडमनी खड्ड्यातले नेचे काढून, प्रत्येक तुकडा हळुवार हाताने जागी बसवला होता. ताईने त्यांना एवढंच सांगितलं होतं की दगड सुखरूप आहे आणि कुठं आहे ते विचारू नका. बाईंनी खरोखर विचारलं नाही. मी त्या दिवशी त्यांचं भाडं माफ करून टाकलं.

कारिऊ साहेब लठ्ठ, घामाघूम, झोपमोड झालेले. म्हाताऱ्याला पाठ लावून उभे राहिले. भोवती सारं गाव. तांगीने आज काळे बूट घातले होते. गुलवेन एकटाच लांब, गायींत.

"इथून काय दिसायला हवं?" साहेबांनी विचारलं. "मला तर नुसता चढ दिसतोय. खड्डा इथून कसा दिसणार?"

हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. खड्डा जवळ जाऊन दिसतो; म्हाताऱ्याकडून माथ्यावर नुसती गवताची रेघ. सूर्य त्या रेघेवर कुठंही उगवला असता आणि तांगी म्हणाला असता, इथं कशावरून? ओदिल मॅडमनी डोळे मिटले. पूर्वेला तांबडं फुटलं होतं. माथ्यावर पळत जाऊन काठी रोवावी म्हणून मी निघालो, तेवढ्यात ताईने माझी बाही धरली.

चढावरून अझेनोरकाकू चालत होत्या. अंगावर काळी शाल, दोन वर्षांत पहिल्यांदा. मागे न बघता त्या माथ्यावर गेल्या, गुडघे टेकले, आणि धाकट्याच्या जागेत बसल्या. तोंड समुद्राकडे, पाठ आमच्याकडे. आभाळावर त्यांची बसकी काळी आकृती उमटली. बरोबर तेवढीच, गुडघाभर उंच, वर थोडं डोकं.

काळी शाल पाहिली आणि गावातल्या बायका समजल्या. कोणी हुंदका दिला, कोणी क्रूसाची खूण केली.

आणि सूर्य आला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. काकूंच्या डोक्यामागून आधी एक कड फुटली, मग शालीच्या काठाला आग लागली, मग सबंध गोळा त्यांच्या माथ्यावर चढून बसला. ओदिल मॅडम लहान मुलीसारख्या रडत होत्या. मी पण रडत होतो, ते कशासाठी ते मला अजून सांगता येत नाही.

साहेबांनी बराच वेळ घड्याळ पाहिलं नाही.

"आम्ही पुस्तकात लिहितो की त्यांनी दोऱ्या बांधल्या, काठ्या रोवल्या," ते हळू आवाजात म्हणाले. "पण दगड रोवायच्या आधी कितीतरी वर्षं त्यांनी तिथं असं माणूसच बसवलं असेल, नाही? कोणीतरी आपलं." मग घसा खाकरून सरकारी आवाजात, "हे ठीक. पण मला अहवालात लिहावं लागेल. मूळ दगड आहे कुठं?"

तांगीने तोंड उघडलं, पण शेजारच्या बायकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटलं. तेव्हा गायींतून गुलवेन पुढे आला. डोक्यावरची टोपी हातात.

"वापरात आहे, साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, माथ्यावरच्या बाईकडे पाहिलं, मग खाली चर्चमागच्या राखेकडे. ते आमच्याच किनाऱ्याचे निघाले, दोन गावं पलीकडचे.

"कधीपर्यंत?"

"उद्या सकाळपर्यंत."

"मग घाई करू नका," साहेब म्हणाले, आणि त्यांनीही टोपी काढली.

काकू अजून तिथंच होत्या. गुलवेन चढ चढून गेला आणि त्यांना उठवायला हात पुढे केला. वारा आमच्याकडे वाहत होता म्हणून आम्हाला ऐकू आलं.

"माझा एफ्लाम गेला रे, गुलवेन," त्या मोठ्याने म्हणाल्या. सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"हो गं," तो म्हणाला, आणि त्यांच्या शेजारी गवतात बसला.